गिअर ‘पडण्या’चा इतिहास

मराठी माणूस गाडीविषयी बोलू लागला की क्रियापदांकडे लक्ष द्यावे. गिअर ‘टाकला’ जातो, आणि मग तो ‘पडतो’. नीट पडला नाही तर ‘अडकतो’, अर्धवट पडला तर चढावर ‘सुटतो’. टाकणे हे हाताचे काम, पडणे हे यंत्राचे. आणि या दोहोंच्या मध्ये जो क्षणार्धाचा अवकाश असतो, तोच या लेखाचा विषय आहे. त्या अवकाशात दांड्यावरच्या तळहाताला कधी मऊ विरोध जाणवतो, कधी खट्कन कळ बसल्यासारखे वाटते, कधी दातांवर दात घासल्याची खरखर हाडापर्यंत येते. इंग्रजीत या साऱ्यासाठी एक आटोपशीर शब्द आहे. आपल्याकडे ‘हाताला लागणे’ हा प्रयोग त्यातल्या त्यात जवळचा; आम्ही तोच वापरणार आहोत.

जर्मनीतील पोर्शे कंपनीच्या ‘९११’ या स्पोर्ट्‌स कारचे जुने नमुने ज्यांच्यापाशी आहेत, त्या मंडळींमध्ये या ‘हाताला लागण्या’वरून गेली अनेक वर्षे वाद चालला आहे. वरवर पाहता तो सुट्या भागांचा वाद आहे : कोणता बुश घालावा, दांडा किती आखूड करावा, तेल कोणते भरावे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना मुळीच परका नाही. जुन्या कृतीत आज जे खटकते, ते कर्त्याने तसेच ठेवले होते, की मधल्या काळाने त्यात भर घातली? आणि जे कर्त्याचेच आहे, ते ‘सुधारण्या’चा अधिकार कोणाला? आम्ही मराठीचे अध्यापक या विषयाकडे वळलो ते या प्रश्नामुळे.

आरंभ बराच मागे जाऊन करावा लागतो. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी पॅरिसच्या पानहार-लेव्हासोर या कारखान्यात एमिल लेव्हासोरने गाडीचा वेग बदलण्यासाठी जी योजना केली, तिच्यात दातेरी चाकेच एका दंडावर पुढेमागे सरकवून दुसऱ्या चाकांत घुसवली जात. फिरत्या चाकात फिरते चाक घुसवायचे, आणि दोघांचे वेग वेगळे : आवाज कसा होत असेल, याची कल्पना करता येते. पद्धत रानटी आहे खरी पण चालते, अशा अर्थाचे एक वाक्य या कारखान्याच्या धन्यांच्या नावावर सांगितले जाते. ते कोणी उच्चारले याविषयी एकवाक्यता नसली, तरी वर्णन यथार्थ आहे. पुढची सुमारे पस्तीस वर्षे मोटार चालवणे म्हणजे हा रानटीपणा आपल्या हातापायांनी माणसाळवणे होते. क्लच दाबायचा, दांडा मधल्या मोकळ्या जागी आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग अंदाजाने वरखाली करायचा, पुन्हा क्लच दाबायचा, आणि मग गिअर टाकायचा. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर गाडीबरोबर दोन पावले धावतो, आणि मगच दांडी धरतो. हे तसेच आहे. ती दोन पावले न धावता जो चढू पाहतो, त्याचे काय होते हे मुंबईकरांना सांगायला नको.

१९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची ‘सिंक्रोमेश’ योजना आली, आणि ही दोन पावले यंत्राने स्वतःकडे घेतली. चाके आता कायमची एकमेकांत गुंतलेली राहू लागली. सरकायचे ते केवळ एक कडे. आणि ते चाकाला जाऊन भिडण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून दोघांचे वेग जुळवीत. इतिहासकार या घटनेचे वर्णन सोयीच्या भाषेत करतात : मोटार चालवणे सोपे झाले. ते खरेच आहे. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की येथून पुढे हाताला जे लागू लागले ते चाकांचे दात नव्हते. ती त्या घासणाऱ्या पृष्ठभागांची तक्रार किंवा संमती होती. हात आणि चाके यांच्यामध्ये एक मध्यस्थ आला. आणि मध्यस्थ आला, की त्याला स्वतःचा स्वभाव असतो.

पोर्शेचा मध्यस्थ फार विशिष्ट स्वभावाचा होता. कंपनीची पहिली गाडी ‘३५६’ ही सुरुवातीला फोक्सवॅगनच्या भागांवर उभी होती आणि तिच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नव्हता. १९५२ च्या सुमारास पोर्शेने स्वतःची योजना तीत बसवली. तिच्या रचनेशी लिओपोल्ड श्मिड या अभियंत्याचे नाव निगडित आहे. अन्यत्र रूढ झालेल्या, ‘बोर्ग-वॉर्नर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पितळी शंकूची कडी असते आणि तिच्या कडेला बारीक दात असतात. वेग जुळेपर्यंत हे दात सरकत्या कड्याची वाट अडवून धरतात. दारावर पहारेकरी उभा असावा, तसे. वेग जुळला की पहारेकरी बाजूला होतो, आणि गिअर खट्कन पडतो. श्मिडच्या योजनेत असा पहारेकरी नाही. तेथे एका जागी छेद दिलेले पोलादी कडे आहे, त्याच्या पृष्ठभागावर मॉलिब्डेनमचा थर आहे, आणि आतल्या बाजूला त्याला बाहेर रेटणाऱ्या पट्ट्या आहेत. सरकते कडे त्याच्यावर चढू लागले की वेगातील फरकामुळेच ते अधिकाधिक फुलते आणि अधिकाधिक घट्ट धरते. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये चाकाची गतीच ब्रेकच्या पट्ट्याला अधिक आवळते, तोच हा प्रकार. फरक संपला की पकड आपोआप ढिली पडते आणि कडे पुढे घसरते. हाताला यातले काय लागते? विरोध हळूहळू वाढतो, क्षणभर थांबतो, आणि विरघळतो. कोमट लोण्यातून सुरी जावी तसे, ही उपमा पोर्शेच्या जाणकारांनी इतकी झिजवली आहे की ती पुन्हा द्यायला संकोच वाटतो. पण दुसरी सापडत नाही.

या मृदुतेची किंमत मात्र आहे. पहारेकरी नसल्यामुळे घाईने लोटणाऱ्याला कोणी अडवत नाही. वेग जुळण्याआधीच जोर लावला तर कड्यावरचा थर झिजतो, मग दात बोथट होतात, आणि बहुधा दुसऱ्या गिअरपासून खरखर सुरू होते. ही रचना चालवणाऱ्याकडून थोडा धीर गृहीत धरते. पन्नाशीच्या दशकात, जेव्हा पाय आणि हात जुन्या रानटी पद्धतीत घडलेले होते, तेव्हा हे गृहीतक अवास्तव नव्हते. अल्फा रोमिओ आणि फेरारी यांच्यासारख्या इटालियन कारखान्यांनीही ही योजना परवान्याने स्वीकारली, यावरून तिची प्रतिष्ठा ध्यानात यावी.

आता ‘९११’ कडे येऊ. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती ‘९०१’ या क्रमांकाने मांडली गेली. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आपला हक्क आहे, अशी हरकत फ्रान्सच्या पूजो कंपनीने घेतली, आणि १९६४ मध्ये गाडीचे नाव बदलले. गाडीच्या आतल्या गिअरबॉक्सचा क्रमांक मात्र ९०१ हाच राहिला. तेथे कोणाची हरकत पोहोचली नाही.

या गाडीची मूळ मांडणीच अशी, की दांडा आणि गिअरबॉक्स यांची गाठ सहजासहजी पडू नये. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले, त्याच्या पुढ्यात, मागच्या आसनांखाली, गिअरबॉक्स. आणि चालवणारा पार पुढे. इंजिन पुढे असलेल्या बहुतेक जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये गिअरचा दांडा थेट किंवा जवळजवळ थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातून वर येतो. हात आणि पोलाद यांत अंतरच नसते. ‘९११’ मध्ये दांड्याचे खालचे टोक एका प्लॅस्टिकच्या वाटीत बसते, ती वाटी एका लांब दांडीला जोडलेली, ती दांडी गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जाते, तेथे एका लहानशा झाकणाखाली एक जोड आहे, त्या जोडात पुन्हा दोन बुश, आणि मग कुठे गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दंड. ज्यांनी मुंबईत प्रीमियर पद्मिनी चालवली आहे त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर होता, आणि गिअरबॉक्सपर्यंतचा निरोप तेथेही दांड्या-लिंकांच्या साखळीतूनच पोहोचे. जुन्या टॅक्सीवाल्याचा हात आधी ‘प्ले’ संपेपर्यंत हवेत फिरायचा आणि मग गिअर शोधायचा. साखळीतल्या प्रत्येक सांध्याची झीज हाताशी येऊन जमा होते. त्यातही दांड्याचा टेकूच्या वरचा भाग खालच्या भागापेक्षा कितीतरी लांब असतो. म्हणून खाली जोडात मिलिमीटरभर ढिलेपणा आला, तर वर मुठीत तो कित्येक मिलिमीटरांचा होऊन भेटतो.

पहिल्या ‘९०१’ गिअरबॉक्सचा दुसरा विशेष म्हणजे त्याच्या गिअरांची जागा. पाच गिअरांपैकी पहिला डावीकडे खाली, मागे. दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा सरळ रेषेत समोरासमोर. शर्यतीत पहिला गिअर निघतानाच काय तो लागतो, पुढचा सारा खेळ वरच्या चारांचा. त्यामुळे ही मांडणी शर्यतीच्या दृष्टीने तर्कशुद्ध होती. शहरातल्या सिग्नलवर मात्र पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हाताला दरवेळी एक कोपरा वळावे लागे. १९७२ च्या आवृत्तीत इंजिन २.४ लिटरचे झाले, त्याचा जोर पेलण्यासाठी ‘९१५’ नावाचा नवा गिअरबॉक्स आला, आणि त्यात पहिला-दुसरा समोरासमोर येऊन पाचवा उजवीकडे एकटा पडला. रिव्हर्स त्याच्या खाली. सिंक्रोमेश अर्थात तोच, श्मिडच्या घराण्यातला.

हा ‘९१५’ म्हणजे आमच्या कथेचा नायकही आणि खलनायकही. १९६४ च्या पहिल्या ‘९११’ ची शक्ती १३० अश्वशक्ती होती. १९८४ च्या आवृत्तीपासून ‘कॅरेरा ३.२’ मध्ये ती २३१ पर्यंत गेली, आणि गिअरबॉक्स अजून ‘९१५’च होता. दरम्यान चालवणाराही बदलला होता. ऐंशीच्या दशकात ही गाडी घेणाऱ्याने आपले ड्रायव्हिंग लोण्यासारख्या नव्हे, तर पहारेकरी असलेल्या सिंक्रोमेशवर शिकलेले असे. तो गाडी बदलली तरी हात बदलीत नसे. ‘९१५’ विषयीच्या बहुतेक तक्रारी आम्हाला या पिढ्यांच्या फरकातून आल्यासारख्या वाटतात : थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही, दांडा दलिया ढवळल्यासारखा फिरतो, पहिल्यात जाताना धीर सुटतो. यातल्या काही तक्रारी झिजलेल्या बुशाच्या आहेत. काही मात्र गाडीच्या मूळ स्वभावाच्या आहेत. आणि या दोन वर्गांची गल्लत हीच या सगळ्या ‘सुधारणे’तली खरी आपत्ती आहे.

मूळ रचनाच किती बिकट असू शकते याचे एक टोकाचे उदाहरण पोर्शेच्याच घरात सापडते. १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या भागीदारीत आलेल्या ‘९१४’ या गाडीत इंजिन मध्यावर, आसनांच्या लगेच मागे होते, आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. त्यासाठी ‘९०१’ घराण्याचाच गिअरबॉक्स उलटा फिरवून लावला. परिणामी ज्या तोंडात दांडी जायला हवी ते तोंड गाडीच्या शेपटीकडे गेले. दांडीला मधली भिंत भेदून, इंजिनाला वळसा घालून, पार टोकाला जाऊन आत शिरावे लागले. त्या वाटेवरचा एक बुश भिंतीत बसलेला आहे; तो कडक झाला की सारा दांडाच जड होतो, आणि निमुळत्या टोकाचा एक स्क्रू आहे, तो ढिला झाला की गिअर सापडेनासे होतात. १९७३ च्या आवृत्तीत कंपनीने दांडीचा प्रवेश गिअरबॉक्सच्या कुशीत आणला, आणि वाट पुष्कळ आखूड झाली. आज ‘९१४’ चे मालक आपापल्या गाड्यांची ओळख ‘शेपटीवाली’ आणि ‘कुशीवाली’ अशा अर्थाच्या शब्दांनीच करून देतात. कर्त्याने स्वतःच पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली असल्यामुळे येथे वादाला फारशी जागा नाही.

‘९११’ मध्ये ती आहे. तज्ज्ञ मिस्त्री सांगतात तो क्रम मोठा उद्‌बोधक आहे, कारण तो निदानाचा क्रम आहे. गिअर खरखरतो म्हणून गिअरबॉक्स उघडू नये. आधी क्लच पाहावा. १९८६ पर्यंतच्या या गाड्यांचा क्लच केबलने चालतो. केबल सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाही, इंजिन गिअरबॉक्सला मागून फिरवीतच राहते, आणि बिचारे सिंक्रोचे कडे एकट्याने साऱ्या इंजिनाशी झुंजते. मग ते झिजले की दोष त्याच्या माथी. क्लचनंतर दांडीचे बुश. दांड्याखालची ती प्लॅस्टिकची वाटी आणि मागच्या जोडातले दोन बुश पन्नास वर्षांत ठिसूळ होऊन त्यांचा भुगा झालेला असतो. काही जण नवे बुश मूळच्यासारखेच प्लॅस्टिकचे घालतात, काही पितळेचे. पितळ टिकते, पण प्लॅस्टिक जो थरकाप गिळून टाकीत होते तो आता थेट मुठीत येतो. मग जोडाची जुळणी : तो अंशभर फिरलेला असला तरी एका बाजूचे गिअर सहज पडतात आणि दुसऱ्या बाजूचे रुसतात. मग तेल. येथे नव्याची हौस नडते. सिंक्रोमेश घर्षणावरच चालतो, आणि अतिशय निसरडे आधुनिक तेल भरले तर दात सुखी होतात, पण कडी धरायची थांबतात. जुन्या पोर्शेला जुन्या धाटणीचे, थोडे ‘धरणारे’ तेल लागते. एवढे सारे झाल्यावरही गिअर खरखरला, तरच गिअरबॉक्स उघडायचा आणि कडी बदलायची.

या क्रमाने गेलेल्या माणसाच्या हाती शेवटी जी गाडी येते, ती १९७२ च्या किंवा १९८४ च्या कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या जवळ जाते. हाताला क्षणभराचा विरोध लागतो, आणि मग गिअर पडतो.

अनेकांचे समाधान येथे होत नाही. त्यांना दांड्याचा प्रवास आखूड हवा असतो. बाजारात त्यासाठी तयार संच मिळतात. त्यांची युक्ती साधी आहे : टेकूची जागा बदलायची, म्हणजे मुठीचा फेरा कमी होतो. परंतु तरफेचा नियम कोणाला सुटत नाही. फेरा चतुर्थांशाने कमी केला, तर तेवढेच काम करायला जोर तृतीयांशाने वाढवावा लागतो. याहून वाईट म्हणजे हात आता अधिक वेगाने पोहोचतो, आणि ज्या रचनेला थोडा धीर हवा होता तिला तो मिळत नाही. खटका छान वाटतो, शेजारी बसलेला मित्र वाहवा करतो, आणि आत मॉलिब्डेनमचा थर झपाट्याने संपत जातो. मूठ जड करणे हा यातला निरुपद्रवी भाऊबंद : जड मूठ स्वतःच्या जडत्वाने विरोधाच्या टेकडीवरून पलीकडे जाते, एवढेच. उतरवून ठेवली की गाडी पूर्ववत.

येथे आम्हाला आमच्या विषयातला एक प्रसंग आठवतो. ज्ञानेश्वरीचा पाठ पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांतून भ्रष्ट झालेला पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी तो शुद्ध केला. आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसवू नये असे बजावूनही ठेवले. लेखनिकाची चूक काढणे आणि स्वतःची ओवी घालणे यांतली सीमा त्यांना स्वच्छ दिसत होती. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एक हस्तलिखित छापले, ते त्यांना एकनाथपूर्व वाटत होते म्हणून. ते तसे आहे की नाही यावर विद्वानांचे मतभेद झाले. पण संशोधकाने शुद्ध केलेल्या पाठाच्याही मागे जाऊन त्याच्या आधीचा, ओबडधोबड असला तरी जुना पाठ मागण्याची जी वृत्ती राजवाड्यांत होती, ती ‘९०१’ चा कोपऱ्यातला पहिला गिअरच हवा म्हणणाऱ्या १९६० च्या दशकातल्या ‘९११’ वाल्यांतही आहे. बुश बदलणे हे पाठशुद्धीचे काम. दांडा आखूड करणे ही घुसवलेली ओवी. ही आमची भूमिका. पोर्शेच्या गाड्या काही ज्ञानेश्वरी नव्हेत, आणि आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूत ओवी घालायला कायद्याने कोणी अडवीत नाही, हे अर्थातच मान्य. पण घालताना ती आपली आहे एवढे ठाऊक असावे.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहावे. जॅग्वारची ‘ई-टाइप’ १९६१ मध्ये जिनेव्हाला अवतरली, तेव्हा सौंदर्याच्या बाबतीत तिला जोड नव्हती. पण तिचा गिअरबॉक्स ‘मॉस’ नावाचा, जुन्या वळणाचा, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेला आणि वरच्यांना असलेला तोही सुस्त. १९६४ च्या अखेरीस ४.२ लिटरच्या आवृत्तीबरोबर सर्व गिअरांना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स आला. त्यातही समाधान न मानणारे आज तेथे आधुनिक पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवून घेतात. महामार्गावर गाडी शांत धावते. याविरुद्ध फारसे बोलता येत नाही. मात्र मॉसवाल्या गाडीत पहिल्या गिअरची जी दीर्घ किंकाळी ऐकू येई, ती १९६१ च्या इंग्लंडमधल्या सुट्या भागांच्या अर्थकारणाचा पुरावा होती. नव्या गिअरबॉक्सात पुरावा मिळत नाही, आराम मिळतो.

पोर्शेने स्वतः १९८७ च्या आवृत्तीत माघार घेतली. गेट्राग कंपनीकडे तयार झालेला ‘जी-५०’ गिअरबॉक्स आला, क्लचची केबल जाऊन द्रवदाबाची योजना आली, रिव्हर्स डावीकडे गेला; आणि आत श्मिडची कडी नव्हती, पहारेकऱ्याची पद्धत होती. जी योजना पोर्शेने जगाला परवान्याने दिली, ती ‘९११’ मधून अशी बाहेर गेली. जुन्या गाडीचे मालक मात्र या ‘जी-५०’ कडे डोळे लावून असतात. तो आधीच्या गाडीत बसवता येतो. पण त्यासाठी मागच्या निलंबनाची, टॉर्शन बार ज्यात असतात ती आडवी नळी कापून नव्याने जोडावी लागते. येथे ओवी घालण्यासाठी पानच फाडावे लागते, आणि मग ते पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य.

याच सुमारास हिरोशिमात एक निराळाच प्रयोग चालला होता. माझदा कंपनी ‘एम-एक्स-५’ ही छोटी स्पोर्ट्‌स कार घडवीत होती. १९८९ च्या फेब्रुवारीत ती शिकागोला प्रसिद्ध झाली. साठच्या दशकातील ब्रिटिश ‘लोटस इलान’ हा तिचा आदर्श उघड होता. हिरोशिमा विद्यापीठाचे मित्सुओ नागामाची यांनी ‘कान्सेई’ या नावाने एक विद्या मांडली होती : वापरणाऱ्याच्या मनातील जाणिवा मोजून त्यांचे रूपांतर वस्तूच्या मापांत करायचे. माझदाने तिचा आधार घेतला, आणि घोडा व स्वार एकजीव व्हावेत या अर्थाचे ‘जिनबा इत्ताई’ हे ब्रीद ठरवून दांड्याचा फेरा, खटका, एक्झॉस्टचा आवाज असे सारे त्यातून बेतले. इंजिन पुढे, दांडा थेट गिअरबॉक्सवर. फळ अप्रतिम होते, हे त्या गाडीचे टीकाकारही मान्य करतात. आम्हाला येथे एक विरोधाभास दिसतो. इलानचा दांडा हाताला जसा लागे, तसा तो लागावा असा स्वतंत्र हेतू बहुधा कोणी धरलेला नव्हता. हलकी गाडी, छोटा गिअरबॉक्स आणि जवळ बसलेला माणूस यांतून ते आपोआप घडले होते. माझदाने तेच हेतूपूर्वक घडवले. लोकगीताची लय छंदशास्त्राने पकडावी तसे. आणि कधी कधी शास्त्राला ते जमतेही, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. दोन क्लचांचा, स्वतः गिअर बदलणारा ‘पीडीके’ गिअरबॉक्स पोर्शेने ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिला. १९८६ मध्ये मोंझाला अशा ‘९६२’ ने शर्यत जिंकली. २००८ मध्ये तो रस्त्यावरच्या ‘९११’ मध्ये आला. २०१३ ची ‘जीटी ३’ केवळ त्याच्यासह मिळू लागली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी जो गहजब केला तो वेगाविषयी नव्हता, कारण पीडीके कोणत्याही हातापेक्षा जलद होता. त्यांना विलंब परत हवा होता. २०१६ मध्ये कंपनीने हाताच्या गिअरची ‘९११ आर’ ९९१ च्या संख्येने काढली, आणि २०१७ च्या ‘जीटी ३’ मध्ये सहा गिअरांचा दांडा पुन्हा मागून घेता येऊ लागला.

२०२३ मध्ये ह्युंदाईने ‘आयोनिक ५ एन’ ही विजेवरची गाडी आणली. विजेच्या मोटारीला गिअर बदलण्याची गरज नसते. तरी या गाडीत, चालकाने मागितल्यास, आठ गिअरांचा भास करून देणारी व्यवस्था आहे : स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की मोटारीचा जोर क्षणभर तोडला जातो, गाडीला हलका धक्का बसतो आणि बनावट इंजिनाचा सूर खाली उतरतो. आत एकही दात दुसऱ्या दातात शिरत नाही. मराठीत या गिअरला ‘टाकला’ म्हणता येईल. ‘पडला’ म्हणावे की नाही, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.